ठग, नक्षल, खबऱ्या : शब्दांच्या शिक्क्यांचा एक इतिहास

गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरला जाणारी अरुंद मापाची छोटी रेल्वे आता इतिहासजमा झाली आहे. तिच्या जागी रुंद रूळ आले आणि सातपुड्याच्या घाटातून दमत, धापा टाकत जाणारी ती जुनी गाडी फक्त वयस्क मंडळींच्या आठवणीत उरली. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र रेल्वे नव्हे. ती रेल्वे ज्या गावी पोहोचत असे, त्या जबलपूर शहरात सुमारे १९० वर्षांपूर्वी एका शब्दाचे भवितव्य ठरले. त्या शब्दाची कहाणी समजून घेतली, तर आपल्या जिल्ह्याला गेली चार दशके चिकटून बसलेल्या दुसऱ्या एका शब्दाचा प्रवास समजणे सोपे जाईल.

तो शब्द म्हणजे ‘ठग’. संस्कृतातील लपविणे, झाकणे या अर्थाच्या धातूशी त्याचे नाते सांगतात. आपल्या बोलीत ठग म्हणजे फसवणारा, गोड बोलून गंडा घालणारा. गावच्या बाजारात वजनात मारणारा व्यापारीही ठगच. परंतु नर्मदेच्या खोऱ्यात कंपनी सरकारचा अधिकारी असलेल्या विल्यम हेन्री स्लीमन याने या साध्या शब्दाला एका पंथाचे, एका गुप्त टोळीचे, रुमालाने गळा आवळून प्रवाशांचा जीव घेणाऱ्या देवीभक्तांच्या जमातीचे नाव करून टाकले. रस्त्यांवर प्रवाशांचे खून होत होते, ही गोष्ट खरी आहे. विहिरींतून आणि नाल्यांतून प्रेते निघाली, हेही खरे. ते नाकारणे म्हणजे मारल्या गेलेल्या निरपराध वाटसरूंवर दुसऱ्यांदा अन्याय करणे होय. मात्र या खुनांच्या बंदोबस्तासाठी जो कायदा झाला, तो वाचताना आजही मन थबकते.

१८३६ सालचा तिसावा कायदा असे ठरवतो की, जो कोणी ठगांच्या टोळीत होता असे सिद्ध होईल, मग तो त्या टोळीत कायदा होण्यापूर्वी असो वा नंतर, त्याला जन्मभर सक्तमजुरीची कैद. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक माणसाला मारले, हे सिद्ध करण्याची गरज नाही. टोळीत ‘असणे’ हाच गुन्हा. आणि गंमत (हा शब्द येथे वापरताना संकोच वाटतो) ही की, ‘ठग’ म्हणजे कोण याची व्याख्या त्या कायद्यात कोठेही दिलेली नाही. कोण ठग आणि कोण नाही, हे बहुतांशी माफीचे साक्षीदार सांगत. फाशी टळावी म्हणून साक्षीदार झालेला माणूस बोट दाखवी आणि ज्याच्याकडे बोट जाई त्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लागे. याच साक्षीदारांकडून आणि त्यांच्या मुलांकडून जबलपुरात पुढे तंबू आणि गालिचे विणून घेण्यात आले. त्या गालिच्यांचे विलायतेत मोठे कौतुक झाले.

पुढे इंग्रजी भाषेने हा शब्द उचलला आणि तेथे त्याची गत पाहण्यासारखी झाली. आज इंग्रजी वर्तमानपत्रात दगड मारणारा तरुण, दारू पिऊन मारामारी करणारा इसम, न आवडणाऱ्या पक्षाचा कार्यकर्ता, सारेच ‘ठग’. ज्या शब्दाने एके काळी माणूस जन्मभर कैदेत जाई, तो शब्द सरतेशेवटी सामान्य शिवी बनला. परंतु मधल्या काळात त्याने आपले काम केले होते. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. ठगांच्या बाबतीत निदान टोळीत सामील होणे तरी गुन्हा होता. आता जन्म घेणे पुरेसे झाले. पारध्यांसारख्या जमातींच्या नावापुढे सरकारी कागदात ‘गुन्हेगार’ हा शब्द लागला, हजेऱ्या सुरू झाल्या, तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभ्या राहिल्या. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ हे सुंदर नाव मिळाले. विदर्भातील कोणत्याही गावात चोरी झाली की पहिल्यांदा कोणाच्या पालावर पोलीस जातात, हे वाचकांना सांगायला नको.

नाव देणारा आणि नाव घेणारा यांच्यातील बळाचे अंतर अशा शब्दांत नेहमी दडलेले असते. माळव्यात आणि राजपुतान्यात लूटमार करणाऱ्या फौजांचा सरदार अमीर खान याचे नाव पेंढाऱ्यांशी जोडले जाई. १८१७ साली त्याने इंग्रजांशी तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला. त्याच सुमारास आपल्याच जिल्ह्यातील कामठ्याचा जमीनदार चिमणा पटेल हा नागपूरच्या आप्पासाहेब भोसल्यांच्या बाजूने कंपनी सरकारविरुद्ध उठला आणि कंपनीच्या कागदपत्रांत बंडखोर ठरला. आज त्याचे स्मरण करावयाचे झाले तर आपण वेगळाच शब्द वापरू. माणूस तोच राहतो, फक्त कागद कोणाच्या कचेरीतला आहे त्यावर नाव बदलते.

आता आपल्या शब्दाकडे वळू.

नक्षलबारी हे पश्चिम बंगालातील दार्जिलिंग जिल्ह्यातले, नेपाळच्या सीमेजवळचे एक गाव. १९६७ सालच्या मे महिन्यात तेथे कुळांनी आणि चहामळ्यांतील आदिवासींनी जमिनीसाठी उठाव केला. २४ मे रोजी एक पोलीस अधिकारी बाण लागून मृत्युमुखी पडला आणि दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या गोळीबारात ११ जण ठार झाले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या आणि मुलेही होती. चारू मजुमदार, कानू सन्याल आणि जंगल संथाल ही या उठावामागची नावे. १९६९ साली या मंडळींनी निराळा पक्ष काढला. ‘वर्गशत्रूचा नायनाट’ हा मजुमदारांचा मंत्र होता आणि कलकत्त्यातील कित्येक बुद्धिमान तरुण त्या मंत्रामागे गेले. काहींनी मारले, पुष्कळ मारले गेले. १९७२ साली पोलीस कोठडीत असतानाच मजुमदार वारले. त्या वेळी ‘नक्षलवादी’ या शब्दाचा अर्थ नेमका होता. या उठावाचा मार्ग मानणारा, सशस्त्र क्रांतीवर विश्वास ठेवणारा, निवडणूक नाकारणारा. शब्दाला सीमा होती. एखादा मनुष्य स्वतःच ‘होय, मी नक्षलवादी आहे’ असे म्हणू शकत असे आणि म्हणतही असे.

स्वतःहून स्वीकारलेले नाव आणि बाहेरून लादलेले नाव यांतील भेद आपल्या परंपरेला अपरिचित नाही. अंत्युखियात प्रभूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले ते बाहेरच्यांकडून. ‘जेजुइट’ हा शब्दही प्रारंभी टोमणा होता. येशूसंघीयांनी तो पुढे अंगीकारला, पण इंग्रजी शब्दकोशात त्याचा ‘कावेबाज’ हा दुसरा अर्थ अद्याप छापला जातो. आणि क्रुसाच्या माथ्यावर तीन भाषांत ठोकलेली पाटी ही तर शुद्ध राजकीय आरोपाची पाटी होती. तिच्या शब्दरचनेवरून त्याच वेळी वाद झाला होता, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यांना आठवत असेल.

महाराष्ट्रात नक्षलवादी आले ते १९८० च्या सुमारास, आंध्रातून गोदावरी आणि प्राणहिता ओलांडून. त्या वर्षी कोंडापल्ली सीतारामय्या यांनी पीपल्स वॉर हा गट स्थापन केला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात पेड्डी शंकर हा त्यांचा तरुण कार्यकर्ता सिरोंचा भागात पोलिसांच्या गोळीने मारला गेला. तेंदूपत्त्याचा मोबदला, बांबूतोडीची मजुरी, वनरक्षकाने कोंबडी आणि महुआ फुकट नेणे, या गाऱ्हाण्यांवर त्यांनी गावांत पाय रोवला. गडचिरोलीच्या गोंडांनी त्यांना ‘नक्षलवादी’ म्हटले नाही. ते ‘दादालोक’ होते. नातेवाचक शब्दात भीती आणि आदर दोन्ही मावतात, ही आपल्या बोलीची खुबी आहे.

तेथून ही चळवळ उत्तरेकडे सरकली. अर्जुनी मोरगाव, देवरी, सालेकसा हे त्या वेळच्या भंडारा जिल्ह्याचे तालुके. पूर्वेस राजनांदगाव, उत्तरेस बालाघाट. दरेकसाच्या डोंगरातून रेल्वेचा बोगदा गेला आहे, त्याच रांगेत कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला देशभरातून गोंड बांधव तेथे आपल्या पूर्वजांच्या दर्शनाला येतात. हा मुलूख तीन राज्यांच्या सांध्यावरचा. एका राज्याचे पोलीस मागे लागले की एक नाला ओलांडून दुसऱ्या राज्यात जाता येते. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा झाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात मध्य प्रदेशचे मंत्री लिखीराम कावरे यांना त्यांच्या गावी घरातून ओढून काढून ठार करण्यात आले. कावरे हे मागास समाजातून वर आलेले, गावात राहणारे नेते होते. दोन आठवड्यांपूर्वी पीपल्स वॉरचे तीन पुढारी पोलिसांकडून मारले गेले होते, त्याचा हा सूड होता. पुढे २००९ साली लाहेरीला १७ पोलीस आणि १ मे २०१९ रोजी, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात १५ जवान आणि त्यांचा वाहनचालक मारले गेले. शब्दांच्या दुरुपयोगाविषयी लिहिताना ही हिंसा खरी होती, हे विसरून चालत नाही. शब्द पोकळ झाला म्हणून वस्तू खोटी ठरत नाही. उलट, खरी वस्तू अस्तित्वात असते म्हणूनच तिच्या नावाला किंमत येते आणि मग ते नाव उधळले जाते.

उधळपट्टी प्रथम सरकारी भाषेत सुरू झाली. ‘नक्षलवादी’ या नामावरून ‘नक्षलग्रस्त’ हे विशेषण तयार झाले. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, तसे नक्षलग्रस्त. जिल्हा नवा होता, पण वर्तमानपत्रात त्याचे नाव या विशेषणाशिवाय क्वचितच छापले गेले. भाताच्या गिरण्यांचे गोंदिया, विड्यांच्या पानांचे गोंदिया, नवेगावबांध आणि नागझिऱ्याचे गोंदिया मागे पडले. येथला मुलगा पुण्याला शिकायला गेला की वसतिगृहात पहिला प्रश्न ठरलेला असे. मात्र हे विशेषण केवळ बदनामीचे होते असेही नाही, त्याला पैसाही चिकटलेला होता. सुरक्षेवरील खर्चाच्या केंद्रीय यादीत जिल्हा अनेक वर्षे होता. नक्षलग्रस्त भागातील कर्मचाऱ्यांना वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळे. त्यामुळे जेथे वर्षानुवर्षे एकही घटना घडली नाही, त्या गावांच्या नावापुढेही हा शब्द टिकून राहावा असे वाटणारी मंडळी निर्माण झाली. आपल्या गावावरचा डाग पुसला जाऊ नये म्हणून अर्ज करणारे लोक जगाच्या इतिहासात फार थोडे असतील. ते आमच्याकडे आहेत.

यापुढची पायरी अधिक गंभीर होती. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात खैरलांजी येथे भोतमांगे या दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुलगे यांची गावातील जमावाने हत्या केली. कुटुंबप्रमुख तेवढे वाचले. कितीतरी दिवस ही बातमी नीट छापलीसुद्धा गेली नाही. नोव्हेंबरात विदर्भभर मोर्चे निघाले, तेव्हा राज्याचे तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवादी असावेत असे सूचित केले. पाटील हे सालस राजकारणी म्हणून ख्यात होते आणि त्यांच्या मनात दुष्टावा होता असे मी म्हणणार नाही. पण शब्दाने काय केले ते पाहावे. चार मृतदेहांविषयीचा प्रश्न क्षणात बाजूला सरला आणि मोर्चात चालणाऱ्यांना आपण कोण आहोत याचे स्पष्टीकरण द्यावे लागले. नागपूर, भंडारा, गोंदियाच्या वस्त्यांतून पोरे उचलली गेली. अत्याचाराविरुद्ध रस्त्यावर येण्यासाठी दलितांना कोणी जंगलातून येऊन शिकवावे लागते, हा विचारच मुळात किती अपमानास्पद होता, हे त्या वेळी फार थोड्यांच्या लक्षात आले.

सुधीर ढवळे यांचे प्रकरण तर सर्वस्वी आपल्या जिल्ह्याचे आहे. ‘विद्रोही’ या मराठी मासिकाचे ते संपादक. २ जानेवारी २०११ रोजी वर्ध्याच्या एका साहित्य संमेलनाहून मुंबईला परतत असताना वर्धा स्थानकावर गोंदिया पोलिसांनी त्यांना पकडले. राजद्रोह आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा ही कलमे लागली. मुंबईच्या त्यांच्या घरातून पुस्तके आणि संगणक जप्त झाले. चाळीस महिने ते नागपूरच्या कारागृहात होते आणि मे २०१४ मध्ये गोंदियाच्या सत्र न्यायालयाने त्यांना सर्व आरोपांतून निर्दोष सोडले. वांद्र्याच्या ख्रिस्ती समाजातील अरुण फरेरा यांनाही २००७ साली नागपुरात पकडून गडचिरोली-गोंदियातील गुन्ह्यांत गोवण्यात आले होते. एकेका खटल्यातून सुटत ते २०११ च्या सप्टेंबरात कारागृहाच्या दाराबाहेर आले, तोच त्यांना तेथूनच पुन्हा उचलण्यात आले. अखेर सर्व खटल्यांत ते निर्दोष ठरले. एवढे झाल्यावर दोघांच्याही नावावरचा शब्द निघाला असेल असे वाटेल. २०१८ साली भीमा कोरेगाव प्रकरणात जूनमध्ये ढवळे आणि ऑगस्टमध्ये फरेरा पुन्हा अटकेत गेले. फरेरा यांना २०२३ च्या जुलैत आणि ढवळे यांना २०२५ च्या जानेवारीत जामीन मिळाला. न्यायालयाचा निकाल त्या त्या खटल्यापुरता असतो. शब्दावर कोणत्याच न्यायालयाची हुकमत चालत नाही.

येथे कायद्याचा विचार क्षणभर करू. ज्या १९६७ साली नक्षलबारी घडले, त्याच वर्षाच्या अखेरीस संसदेने बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा केला. पुढे त्यात भर पडत गेली. आज त्याच्या विसाव्या कलमानुसार दहशतवादी संघटनेचा वा टोळीचा सदस्य असणे यालाच जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. १८३६ चा जबलपूरचा कायदा वाचकांना आठवला असेल. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने अरूप भुयान खटल्यात, केवळ सदस्यत्व पुरेसे नाही, हिंसेचे कृत्य वा चिथावणी दाखवावी लागेल, असे म्हटले होते. त्याच वर्षी शेजारच्या छत्तीसगडमधील डॉ. बिनायक सेन यांना जामीन देताना, नक्षल साहित्य जवळ बाळगल्याने कोणी नक्षलवादी ठरत नाही, जसे गांधीजींचे आत्मचरित्र जवळ असल्याने कोणी गांधीवादी ठरत नाही, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले. २०२३ च्या मार्चमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने अरूप भुयानचा निर्णय फिरवला. ‘असणे’ पुन्हा गुन्हा झाले.

२०१८ पासून आणखी एक बदल झाला, तो व्याकरणाचा आहे, म्हणून माझ्यासारख्या मराठीच्या जुन्या विद्यार्थ्याच्या नजरेत भरला. ‘शहरी नक्षल’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. पूर्वीच्या शब्दात निदान ‘वाद’ होता. ‘नक्षलवादी’ म्हणताना त्या माणसाला काही विचार आहे, मग तो चुकीचा का असेना, हे गृहीत होते. त्या वादाचे खंडन करता येत होते. ‘शहरी नक्षल’ मध्ये वाद गळून पडला. राहिले ते एका गावाच्या नावाचे अर्धे तुकडे. ज्याचे खंडन करता येत नाही असा हा शब्द आहे, कारण त्यात प्रतिपादनच नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत हजारो आदिवासी शेतकरी वनजमिनीच्या हक्कासाठी चालत आले; त्यांच्या तळव्यांची सोललेली कातडी साऱ्या देशाने छायाचित्रांत पाहिली. त्यांच्यावरही एका खासदार बाईंनी शहरी माओवादाची छाया पाहिली. मुंबईकरांनी मात्र त्या रात्री रस्त्यावर उभे राहून त्यांना पाणी, खाऊ आणि चपला दिल्या.

साहित्याच्या प्रांतातही हा शब्द पोहोचला. कोबाड गांधी यांच्या आत्मकथनाचा अनघा लेले यांनी केलेला मराठी अनुवाद राज्य शासनाच्या पुरस्कारासाठी निवडला गेला. डिसेंबर २०२२ मध्ये घोषणा झाली आणि आठवड्याच्या आत निवडसमितीच रद्द करून पुरस्कार मागे घेण्यात आला. निषेध म्हणून काही लेखकांनी आपले पुरस्कार परत केले, काहींनी शासकीय समित्यांचे राजीनामे दिले. त्या पुस्तकात गांधी यांनी स्वतःच्या चळवळीविषयी कठोर प्रश्न विचारले आहेत, ही गोष्ट त्या गदारोळात कोणाला महत्त्वाची वाटली नाही. वाचण्यापूर्वीच पुस्तकाला नाव मिळाले होते. २०२५ च्या जुलैत महाराष्ट्र विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ असे शब्द होते. बारा हजारांवर सूचना आल्यानंतर संयुक्त समितीने ते बदलून कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटना अशी रचना केली. ‘कडवा’ कोठे सुरू होतो आणि नुसता ‘डावा’ कोठे संपतो, हा विरोधकांचा आक्षेप होता. शब्दकोशाने सोडवावयाचा प्रश्न पोलीस ठाण्यावर सोपवला की काय होते, ते ठगांच्या कायद्यात आपण पाहिले.

एका बाजूनेच शब्द झिजवले असे मात्र नाही. ‘फॅसिस्ट’ हा शब्द घ्या. इटालियन भाषेत ‘फाशो’ म्हणजे जुडगा. १९१९ साली मुसोलिनीने मिलानमध्ये त्यावरून आपल्या संघटनेचे नाव घेतले. १९४० च्या दशकातच जॉर्ज ऑर्वेलने तक्रार केली होती की, या शब्दाला आता ‘नकोसा’ याखेरीज अर्थ उरलेला नाही. आणीबाणीत आपण त्याचे विलक्षण उदाहरण पाहिले. जयप्रकाशांचे अनुयायी इंदिरा गांधींच्या राजवटीला फॅसिस्ट म्हणत आणि आणीबाणीला पाठिंबा देणाऱ्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने १९७५ च्या डिसेंबरात पाटण्याला फॅसिझमविरोधी परिषद भरवली ती जयप्रकाशांच्या आंदोलनाविरुद्ध! एकाच तुरुंगाच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच शिवी. आजही सोसायटीच्या बैठकीत वाहने लावण्याचा नियम करणाऱ्या सचिवापासून सरकारपर्यंत सर्वांना हे विशेषण सरसकट बहाल होते. खरा हुकूमशहा उद्या दाराशी आला, तर त्याच्यासाठी कोणता शब्द शिल्लक ठेवला आहे?

आणि जंगलातल्या मंडळींचा शब्दकोश याहून भयंकर होता. त्यांचा ‘वर्गशत्रू’ हा मूळचा जमीनदार, सावकार. आमच्या पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात जमीनदार शोधून सापडेना. बहुतेकांकडे दोन-चार एकर धान. तेव्हा त्या जागी दुसरा शब्द आला : ‘खबऱ्या’. पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन गेलेला, पोलीस भरतीला गेलेल्या मुलाचा बाप, ग्रामपंचायतीला उभा राहिलेला, ठाण्याजवळच्या हॉटेलात चहा प्यालेला, पुढे पुढे मोबाइल बाळगणारा, कोणीही खबऱ्या ठरे. रात्री दार ठोठावले जाई, सकाळी रस्त्यावर प्रेत आणि प्रेतावर चिठ्ठी. मारणारे बहुधा गोंड आणि मरणाराही गोंडच. या शब्दाविरुद्ध अपील कोठे करणार? ‘नक्षल समर्थक’ म्हणून पकडलेल्याला निदान दहा वर्षांनी का होईना, न्यायाधीशासमोर उभे राहता येते. खबऱ्या ठरलेल्याला ती सोय नव्हती. ज्यांनी आयुष्यभर सरकारी दडपशाहीविरुद्ध लेख लिहिले, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी या चिठ्ठ्यांविषयी लिहिले, ही माझी त्यांच्याविषयीची तक्रार आहे. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातील एखाद्या टोल्यावरचा माणूस या दोन शब्दांच्या मधल्या अरुंद बांधावरून चाळीस वर्षे चालत होता. रात्री भाकर मागायला आलेल्यांना नाही म्हणावे तर खबऱ्या. द्यावी तर सकाळी समर्थक. भाकर तीच, ज्वारीची वा तांदळाची.

त्या माणसाची बाजू समजून घेण्याचा एक प्रयत्न झारखंडमध्ये फादर स्टॅन स्वामी यांनी केला. नक्षलवादी म्हणून पकडल्या गेलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांना भेटून, त्यांची जमीन किती, शिक्षण किती, कलमे कोणती, खटला कोठे अडला, याची त्यांनी नोंद केली. बहुतेकांचा त्या चळवळीशी संबंध नव्हता, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष होता. पुढे तोच शब्द त्यांच्यावर आला. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीला त्यांना अटक झाली. वय ८३, कंपवाताने हात थरथरणारे. पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात, जामिनाची सुनावणी चालू असतानाच, ते गेले. आरोपी मरण पावला की त्याच्यापुरता खटला संपतो, असे कायदा म्हणतो. म्हणजे आरोप सिद्धही होत नाही आणि पुसलाही जात नाही. त्यांच्या नावावरील डाग दूर व्हावा यासाठी त्यांच्या संघबांधवांना त्यांच्या पश्चात उच्च न्यायालयाकडे जावे लागले. प्रा. साईबाबा यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने २०१७ साली जन्मठेप दिली, ५ मार्च २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने निर्दोष सोडले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते निवर्तले. त्यांच्यासोबत शिक्षा झालेला पांडू नरोटे हा गडचिरोलीचा आदिवासी तरुण ऑगस्ट २०२२ मध्येच कैदेत मरण पावला होता. त्याच्या निर्दोषत्वाची बातमी त्याला कळली नाही.

दरम्यान जंगल रिकामे होत चालले. २०२१ च्या नोव्हेंबरात मर्दिनटोल्याच्या चकमकीत मिलिंद तेलतुंबडे मारला गेला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या ज्या विभागात आपला जिल्हा येतो, त्याचा तो प्रमुख होता. वनहक्क कायद्याने हक्क मिळालेल्या देवरी भागातील काही ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकू लागल्या. जे मागणे घेऊन १९८० साली ‘दादालोक’ आले होते, त्याचा काही भाग अशा रीतीने बंदुकीवाचून पदरात पडला. या गोष्टीची चर्चा दुर्दैवाने दोन्ही बाजूंना अडचणीची वाटते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपती उर्फ सोनू याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. आदल्या दिवसापर्यंत वर्तमानपत्रांत तो ‘जहाल नक्षलवादी’ होता. दुसऱ्या दिवशी ‘आत्मसमर्पित’ झाला, त्याचे संविधानाची प्रत हाती घेतलेले छायाचित्र छापून आले. आणि जंगलात राहिलेल्या त्याच्या जुन्या सहकाऱ्यांनी पत्रक काढून त्याला ‘गद्दार’ ठरवले. नोव्हेंबरच्या अखेरीस गोंदियालाही तसेच घडले. अनंत या नावाने तीन राज्यांच्या विभागाची पत्रके काढणारा प्रवक्ता दहा जणांसह पोलिसांपुढे आला. त्या अकरा जणांची यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा नावानावापुढे ‘उर्फ’ होते, काहींपुढे दोन. आईबापांनी ठेवलेले नाव आधी, पक्षाने दिलेले नंतर. यांपैकी कोणत्या नावाने यापुढे त्यांना शिधापत्रिका मिळेल, हे यादीवरून कळत होते. गावात परतल्यावर, कचारगडच्या यात्रेत किंवा आठवडी बाजारात, लोक त्यांना काय म्हणून हाक मारतील, ते मात्र अजून ठरावयाचे आहे.